आदिवासी स्त्रियांच्या नेतृत्वाखालील ग्रामविकास : शिकायला जाणाऱ्या परदेशी पाहुण्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही प्रश्नोत्तरे कोणासाठी आहेत?

दुसऱ्या देशातील आदिवासी गावात जाऊन तेथील स्त्रियांनी उभे केलेले काम समजून घेऊ इच्छिणारे विद्यार्थी, कार्यकर्ते, शिक्षक, संशोधक आणि संस्थांचे प्रतिनिधी यांच्यासाठी ती लिहिली आहेत. प्रशिक्षण द्यायला, मदत वाटायला किंवा एखादी योजना राबवायला जाणाऱ्यांचे प्रश्न वेगळे असतात, त्यांचा विचार येथे केलेला नाही. येथे शिकवणारी गावातली स्त्री आहे आणि पाहुणा विद्यार्थी आहे. हे नाते एकदा मनाशी पक्के केले की पुढच्या बऱ्याच प्रश्नांची उत्तरे आपोआप सुचू लागतात.

या स्त्रियांकडून असे काय शिकता येते, जे पुस्तकातून किंवा विद्यापीठातून मिळत नाही?

जगात नव्वदच्या आसपास देशांत मिळून सुमारे ४७.६ कोटी आदिवासी लोक राहतात. त्यांच्या परिस्थितीत इतका फरक आहे की सर्वांना लागू पडेल असे एकच उत्तर देता येणार नाही. तरीही ठिकठिकाणच्या कामात एक गोष्ट ठळकपणे दिसते. उपजीविका, जंगल, पाणी, बियाणे, आरोग्य आणि गावाचा कारभार हे विषय सरकारी खात्यांप्रमाणे वेगवेगळे न ठेवता या स्त्रिया त्यांचा एकत्र विचार करतात, कारण त्यांच्या रोजच्या जगण्यात ते एकमेकांत गुंतलेलेच असतात.

इक्वेडोरच्या अॅमेझॉन जंगलातील वाओरानी स्त्रियांचे उदाहरण घ्या. रस्ते झाले, बाजार जवळ आला आणि जंगलातील प्राण्यांचे मांस विकण्याचा धंदा वाढला, तेव्हा शिकारीमुळे जंगल रिकामे होत चालल्याचे त्यांच्या संघटनेने ओळखले. २००५ मध्ये स्थापन झालेल्या या संघटनेने नुसती बंदीची मागणी केली नाही. तिने कुटुंबांना कोकोची रोपे लावायला प्रवृत्त केले, त्यापासून चॉकलेट तयार करून विकण्याची व्यवस्था उभारली आणि या उत्पन्नाच्या बदल्यात विक्रीसाठीची शिकार थांबवावी असा आग्रह धरला. रोजगार आणि वन्यजीव संरक्षण यांची अशी सांगड कशी घातली गेली, कोणत्या घरांनी आधी विरोध केला, त्यांची समजूत कोणी आणि कशी काढली, हा तपशील अहवालात येत नाही. तो ज्यांनी केले त्यांच्याच तोंडून ऐकावा लागतो.

पेरूमधील पिसाक गावाजवळच्या ‘बटाटा उद्याना’त केचुआ समाजाची गावे आपल्या सामाईक जमिनीवर बटाट्याच्या शेकडो देशी जाती जपतात. २००४ मध्ये या गावांनी लिमा येथील आंतरराष्ट्रीय बटाटा केंद्राशी करार केला आणि पूर्वी शास्त्रज्ञांनी त्या प्रदेशातून नेलेल्या अनेक जाती परत मिळवल्या. तेथील स्त्रियांचे गट औषधी वनस्पती, विणकाम आणि स्वयंपाक यांतून पाहुण्यांकडून उत्पन्न मिळवतात, आणि त्यातील काही भाग गावांच्या सामाईक निधीत जातो. त्याच्या वाटपाचे नियम गावांनी आपल्या रूढींच्या आधारे स्वतः ठरवलेले आहेत. सहकाराचा अभ्यास करणाऱ्याने हे नियम कसे ठरले, हे अवश्य विचारावे.

चाड देशात म्बोरोरो या पशुपालक समाजातील कार्यकर्त्या हिंदू उमरू इब्राहिम (येथे ‘हिंदू’ हे त्यांचे नाव आहे) यांनी त्रिमितीय नकाशाची पद्धत वापरली. पुठ्ठ्याचे थर उंचसखलपणानुसार कापून एकावर एक चिकटवतात, त्यावर डोंगर, नदी आणि चराऊ कुरणे रंगवतात, आणि मग गावकरी रंगीत टाचण्या व दोरे लावून आपल्याला ठाऊक असलेल्या जागा दाखवतात. पुरुष आणि स्त्रिया यांना ठाऊक असलेल्या जागा सारख्या नसतात. उन्हाळ्यातही टिकणारा झरा कोठे आहे आणि औषधी झाडे कोणत्या ओहोळाकाठी आहेत, हे पाणी आणि पाला आणणाऱ्या स्त्रियांना ठाऊक असते, म्हणून दोघांच्याही नोंदी झाल्याशिवाय नकाशा पुरा होत नाही. पाणलोट किंवा चराईच्या नियोजनात काम करणाऱ्या कोणालाही ही पद्धत शिकण्यासारखी आहे.

भेटीसाठी संमती कोणाची आणि कशी घ्यायची?

संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने १३ सप्टेंबर २००७ रोजी आदिवासी लोकांच्या हक्कांचा जाहीरनामा १४४ मतांनी संमत केला. त्यात मुक्त, पूर्व आणि माहितीपूर्ण संमतीचे तत्त्व आहे. संमती कोणत्याही दबावाशिवाय दिलेली असावी, काम सुरू होण्याआधी घेतलेली असावी आणि सर्व माहिती समजेल अशा भाषेत दिल्यानंतरची असावी, असा त्याचा सरळ आशय आहे. हे तत्त्व मुख्यतः सरकारी निर्णय आणि मोठे प्रकल्प यांच्या संदर्भात मांडलेले असले, तरी पाहुण्यानेही स्वतःला तीच कसोटी लावावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

नावापुरती संमती कशी असते, हे वाओरानींच्याच एका खटल्यात दिसले. तेल उत्खननासाठी २०१२ मध्ये सरकारी अधिकाऱ्यांनी त्यांच्या गावांना धावत्या भेटी दिल्या आणि तीच सल्लामसलत म्हणून नोंदवली. नेमोंते नेंकिमो यांच्या नेतृत्वाखाली वाओरानींनी त्याविरुद्ध दाद मागितली. एप्रिल २०१९ मध्ये पास्तासा प्रांताच्या न्यायालयाने ती सल्लामसलत योग्य रीतीने झालीच नव्हती असा निर्णय दिला आणि सुमारे पाच लाख एकर जंगल तेल कंपन्यांच्या लिलावापासून वाचले. पाहुण्याची भेट इतकी गंभीर नसते, पण चूक त्याच प्रकारची होऊ शकते. सभेत कोणी विरोध केला नाही, एवढ्यावरून संमती मिळाली असे मानू नये. कोण येणार, किती दिवस, कशासाठी, काय नोंदवणार, ते कोठे छापणार आणि त्यातून कोणाला पैसे मिळणार, हे सारे त्यांच्या भाषेत सांगावे आणि त्यांना आपसात बोलायला सवड द्यावी. ‘या वेळी नको’ असे उत्तर आले तर कारण न विचारता ते स्वीकारावे.

गावप्रमुखांनी परवानगी दिली आहे. स्त्रियांच्या गटाची वेगळी परवानगी लागते का?

होय. गावाची परवानगी म्हणजे गावात येण्याची मुभा. स्त्रियांचा वेळ, त्यांचे ज्ञान आणि त्यांच्या गटाचा कारभार यांवर बोलण्याची मुभा तीत येत नाही. उलट स्त्रियांच्या गटाने बोलावले असले तरी गावाच्या पारंपरिक प्रमुखांना भेटून आपला हेतू सांगणे हा रीतीचा भाग असतो, आणि तो टाळल्यास पाहुणा निघून गेल्यावर त्याची बोलणी त्या स्त्रियांना खावी लागतात. आधी कोणाला भेटायचे हे गटाच्या प्रमुख स्त्रीलाच विचारावे.

मानधन द्यावे का? पैशामुळे शिकण्याचे नाते बिघडत नाही का?

द्यावे. एखाद्या तज्ज्ञाचे व्याख्यान ऐकायचे झाले तर आपण मानधनाचा विचार सहज करतो, मग वीस वर्षांचा अनुभव सांगणाऱ्या स्त्रीने तो फुकट सांगावा अशी अपेक्षा ठेवण्याचे कारण काय? ती पाहुण्यांशी बोलते त्या वेळेत शेतातले, घरातले किंवा मागावरचे काम थांबलेले असते आणि ते नंतर तिलाच पुरे करावे लागते. दुभाषा, स्वयंपाक करणाऱ्या, निवासाची सोय करणाऱ्या आणि वाट दाखवणाऱ्या यांचाही मोबदला आधीच ठरलेला असावा.

रक्कम कोणाच्या हाती द्यायची, हे मात्र पाहुण्याने स्वतः ठरवू नये. काही ठिकाणी ती गटाच्या सामाईक निधीत जाते, तर काही ठिकाणी शिकवणाऱ्या व्यक्तीला थेट मिळते. गुपचूप एकीच्या हातावर जास्तीचे पैसे ठेवले तर पुढचे कित्येक महिने त्या गटात संशय धुमसत राहतो, हे लक्षात ठेवावे.

पाहुण्यांकडून उत्पन्न घेणे ही लाजिरवाणी गोष्ट नाही, हे केनियाच्या उत्तर भागातील सांबुरू स्त्रियांच्या उमोजा गावाने दाखवून दिले आहे. अत्याचार सोसून घरातून बाहेर पडलेल्या स्त्रियांनी १९९० मध्ये रेबेका लोलोसोली यांच्या पुढाकाराने हे गाव वसवले. मण्यांच्या दागिन्यांची विक्री, पाहुण्यांकडून मिळणारे पैसे आणि जवळच चालवलेली राहुट्यांची मुक्कामाची जागा यांवर गावाचा खर्च चालतो आणि मुलांच्या शाळेलाही त्यातून आधार मिळतो. तेथे दागिना विकत घेणे हा त्या गावाच्या अर्थव्यवस्थेतला सरळ व्यवहार आहे. भाव पाडून मागण्याचा आग्रह तेथे धरू नये.

किती दिवसांची भेट असावी?

यजमान सांगतील तितक्या दिवसांची. एका दुपारच्या भेटीत ओळख होते, शिकणे होत नाही. पण दीर्घ मुक्कामाचा भार कोणावर पडतो हेही पाहावे लागते, आणि पेरणी, कापणी किंवा गावातील दुखवट्याच्या काळात तर जाऊच नये.

भाषा येत नसेल तर?

दुभाष्याशिवाय जाऊ नये. तो कोण असावा हे गटाने सांगावे, शक्यतो ती त्याच समाजातील स्त्री असावी. सरकारी कर्मचारी, कंपनीचा माणूस किंवा घरातील पुरुष दुभाषा म्हणून बसला की काही विषयांवर बोलणेच होत नाही, आणि पाहुण्याला ते कळतही नाही. दुभाषीशी आधी तासभर बसून आपले प्रश्न समजावून द्यावेत, आणि त्यातला कोणता विचारू नये असे ती म्हणाली तर तो गाळावा. गावातील चार-दोन शब्द, निदान नमस्कार आणि आभाराचे, शिकून जावेत. दुभाषी बोलत असताना पाहावे मात्र उत्तर देणाऱ्या स्त्रीकडे.

काम चालू असताना प्रश्न विचारलेले चालतात का?

कामावर अवलंबून आहे. ग्वाटेमालातील माया स्त्रिया वापरतात तो कमरेचा माग पाहिला की हे नीट समजते. मागाचे एक टोक खांबाला किंवा झाडाला बांधलेले असते आणि दुसरे टोक पट्ट्याने विणणारीच्या कमरेभोवती घेतलेले असते. ती चटईवर गुडघे टेकून किंवा पाय दुमडून बसते आणि मागे रेलून ताण देते, पुढे झुकून तो सैल करते. म्हणजे मागाचा अर्धा भाग तिचे शरीरच असते. पाहुण्याने हाक मारली, ती वळली, तर ताण बदलतो, नक्षीसाठी मोजून उचललेले धागे हातातून निसटतात आणि ती ओळ पुन्हा मोजावी लागते. तिने मान वर करेपर्यंत थांबणे हाच तेथे शिष्टाचार आहे. थांबून नुसते पाहणाऱ्याला पुष्कळ काही कळते: धागे ती कशी मोजते, शेजारी बसलेल्या मुलीला तोंडाने न सांगता हाताने कसे दाखवते, मध्येच कोणाला काय काम सांगते.

बी निवडणे, सोलणे, वळणे अशा हात चालू असताना तोंड मोकळे असलेल्या कामांत मात्र गप्पा रंगतात. तेव्हा पाहुण्याने वही बाजूला ठेवून हाताने काम करू लागावे. सभेत न मिळालेली उत्तरे अशा वेळी सहज मिळतात.

छायाचित्रे आणि चित्रीकरण यांबाबत काय नियम असावेत?

प्रत्येक वेळी विचारावे, आणि छायाचित्र काढण्याची परवानगी म्हणजे प्रसिद्ध करण्याची परवानगी नव्हे हे ध्यानात ठेवावे. विधी, आजारी माणसे आणि पालकांच्या संमतीशिवाय मुले यांची छायाचित्रे काढूच नयेत.

विणकामाच्या नक्षीविषयी थोडे अधिक सांगायला हवे. ग्वाटेमालातील माया विणकर स्त्रियांच्या संघटनेने २०१६ मध्ये तेथील घटनात्मक न्यायालयात धाव घेतली. त्यांच्या नक्ष्या उचलून कंपन्या माल विकतात आणि कायदा त्यांना संरक्षण देत नाही, अशी त्यांची तक्रार होती. त्या नक्ष्या कोणा एकीच्या मालकीच्या नसून समाजाच्या सामूहिक मालकीच्या आहेत असे त्यांचे म्हणणे आहे. म्हणून कापडाचे जवळून काढलेले, नक्षी स्पष्ट दिसणारे छायाचित्र समाजमाध्यमांवर टाकण्याआधी विणणारीला आणि तिच्या गटालाही विचारावे.

त्यांची शिकवण ध्वनिमुद्रित करून ऑनलाइन अभ्यासक्रम तयार करता येईल का?

एका व्यक्तीची सही किंवा अंगठा घेऊन तर मुळीच नाही. फिलिपाईन्समधील कालिंगा प्रांतात पारंपरिक गोंदणाची कला जपणाऱ्या वांग-ओद यांच्या नावाने २०२१ मध्ये असा एक अभ्यासक्रम जाहीर झाला. वांग-ओद यांना त्या कराराचा अर्थ समजलाच नव्हता, असे त्यांच्या भावंडाच्या नातीने उघडपणे सांगितल्यावर तो मागे घेण्यात आला. तेथील आदिवासी विषयक राष्ट्रीय आयोगाने चौकशी करून त्या करारातील अटी जाचक असल्याचे आणि समाजाची संमती घेतलेली नसल्याचे म्हटले. ज्ञान समाजाचे असेल तर संमतीही समाजाची लागते, ही बाब या प्रकरणाने अगदी स्पष्ट झाली आहे.

औषधी वनस्पती आणि बियाणे यांची माहिती नोंदवावी का? नमुने आणता येतात का?

लेखी करार आणि त्या देशाच्या कायद्याप्रमाणे परवाना असल्याशिवाय बी, पाला, मुळी यांतले काहीही आणू नये. भेट म्हणून दिलेले बीसुद्धा सीमेवर अडचणीचे ठरू शकते. जैविक संसाधनांपासून होणाऱ्या लाभाच्या न्याय्य वाटपासाठी २०१० मध्ये नागोया करार झाला आणि तो १२ ऑक्टोबर २०१४ पासून अमलात आला. मे २०२४ मध्ये जागतिक बौद्धिक संपदा संघटनेच्या सदस्य देशांनी आनुवंशिक संसाधने आणि त्यांच्याशी निगडित पारंपरिक ज्ञान यांविषयी नवा करार संमत केला. पेटंट मागणाऱ्याने असे संसाधन किंवा ज्ञान कोठून घेतले हे उघड करावे, अशी त्यात तरतूद आहे.

या करारांमागे कटू अनुभव आहेत. दक्षिण आफ्रिकेतील सान लोक लांबच्या वाटेवर भूक-तहान मारण्यासाठी हूडिया नावाची रानवनस्पती चघळत आले आहेत. तेथील एका सरकारी संशोधन संस्थेने सान लोकांना न विचारता तिच्या अर्काचे पेटंट घेतले. बोभाटा झाल्यावर, २००३ मध्ये, लाभात वाटा देण्याचा करार झाला. अशा अनुभवांनंतर सान समाजाने २०१७ मध्ये संशोधकांसाठी स्वतःची आचारसंहिता प्रसिद्ध केली. आदर, प्रामाणिकपणा, न्याय, काळजी आणि रीतसर प्रक्रिया या पाच मूल्यांवर ती उभी आहे, आणि दिलेली वचने पाळावीत व समजेल अशा भाषेत बोलावे हे तिने स्पष्टपणे मागितले आहे. भेटीला निघण्यापूर्वी ती वाचावी, असे मी प्रत्येकाला सुचवतो. ती थोडक्यात आहे आणि ज्यांना सोसावे लागले त्यांनीच लिहिलेली आहे.

पुरुष पाहुणे जाऊ शकतात का?

बहुतेक ठिकाणी जाऊ शकतात, पण काही बैठका आणि बाळंतपण किंवा आरोग्याशी निगडित विषय त्यांच्यासाठी बंद असू शकतात. मिश्र गट असेल तर स्त्री सदस्यांनी पुढे बसावे आणि पुरुषांनी प्रश्न शेवटी विचारावेत. ही साधी काळजी घेतली नाही, तर यजमान स्त्रियांऐवजी गावातील पुरुषच पाहुण्या पुरुषांशी बोलू लागतात आणि भेटीचा हेतूच बाजूला पडतो.

त्या समाजातही स्त्रियांवर अन्याय होत असेल, तर त्याविषयी बोलावे का?

आधी ऐकावे. या स्त्रिया बाहेरच्या अन्यायाशी आणि आपल्या घरातील अन्यायाशी एकाच वेळी झगडत असतात. मेक्सिकोच्या चियापास राज्यातील माया स्त्रियांनी झापातिस्ता या सशस्त्र आदिवासी चळवळीच्या आतच १९९३ मध्ये स्त्रियांचा क्रांतिकारी कायदा मंजूर करून घेतला. किती मुले व्हावीत हे ठरवणे, जोडीदार निवडणे आणि गावाच्या कारभारात पदे मिळवणे हे हक्क त्यांनी आपल्याच पुरुषांकडून मान्य करवून घेतले. संयुक्त राष्ट्रांच्या स्त्रीविषयक भेदभाव निर्मूलन समितीने २०२२ मध्ये आदिवासी स्त्रिया आणि मुलींच्या हक्कांविषयी ३९ क्रमांकाची सर्वसाधारण शिफारस दिली, तीही अशा स्त्रियांच्या दीर्घ पाठपुराव्यामुळेच. पाहुण्याने भर सभेत एखाद्या प्रथेवर टीका केली, तर बाहेरच्यांना बोलावून गावाची बदनामी केली असा ठपका यजमान स्त्रीवर येतो. कोणता विषय कोठे काढायचा, हे तिला अधिक कळते.

आमच्या भेटीमुळे त्यांना धोका होऊ शकतो का?

होऊ शकतो, आणि हा प्रश्न फार थोडे लोक विचारतात याचे मला वाईट वाटते. होंडुरासमधील लेंका समाजाच्या नेत्या बेर्ता कासेरेस यांनी १९९३ मध्ये आपल्या समाजाची संघटना उभारण्यात पुढाकार घेतला आणि ग्वाल्कार्के नदीवरील धरणाला विरोध केला. २०१५ मध्ये त्यांना गोल्डमन पर्यावरण पुरस्कार मिळाला आणि मार्च २०१६ मध्ये राहत्या घरात त्यांचा खून झाला. त्या रात्री घरात मेक्सिकोहून आलेला एक कार्यकर्ता पाहुणा होता. तो जखमी झाला आणि वाचला. जगभरची प्रसिद्धी संरक्षण देते असे आपण धरून चालतो, पण ते नेहमी खरे नसते.

जेथे जमीन, खाण, धरण किंवा जंगलतोड यांवरून संघर्ष चालू असेल तेथे जाण्याआधी गटाला स्पष्ट विचारावे, की आमच्या येण्याने तुम्हाला आधार मिळेल की त्रास वाढेल. मुक्काम चालू असताना ठिकाण समाजमाध्यमांवर टाकू नये. वहीत खरी नावे लिहू नयेत, आणि छायाचित्रांमधील स्थाननोंद बंद ठेवावी.

भेटवस्तू न्याव्यात का?

गटाला विचारून, आणि सर्वांच्या उपयोगाच्या. मुलांना खाऊ किंवा पैसे वाटू नयेत.

त्यांची पद्धत आमच्या भागात जशीच्या तशी राबवता येईल का?

क्वचितच. बटाटा उद्यानाचे नियम सामाईक जमिनीवर उभे आहेत, आणि जेथे जमीन खाजगी तुकड्यांत वाटली गेली आहे तेथे ते लागू पडणार नाहीत. नेण्यासारखा असतो तो निर्णय घेण्याचा क्रम: आधी कोणाला विचारले, मतभेद किती काळ चालू दिले, हिशेब कोणासमोर वाचला, चुकलेल्याला परत कसे सामावून घेतले. त्यामुळे प्रश्न तयार करताना ‘काय केले’ यापेक्षा ‘कसे ठरले’ यावर भर द्यावा. अपयशाबद्दलही विचारावे, मात्र त्या स्वतः त्या विषयाकडे वळल्यावर.

परत आल्यावर आमची जबाबदारी काय?

जे लिहिले, ध्वनिमुद्रित केले किंवा चित्रित केले, ते प्रसिद्ध करण्याआधी गटाला दाखवावे. लिखाण त्यांच्या भाषेत मोठ्याने वाचून दाखवण्याची सोय करावी, कारण कागद पाठवून दिला म्हणजे तो सर्वांपर्यंत पोहोचला असे होत नाही. त्यासाठी लागणारा दुभाषीचा खर्च भेटीच्या अंदाजपत्रकातच धरलेला असावा. त्यांनी गाळायला सांगितलेला मजकूर गाळावा. श्रेय कोणाच्या नावाने द्यायचे, व्यक्तीच्या, गटाच्या की समाजाच्या, हे त्यांनी सांगावे आणि ते तसेच छापावे. मूळ ध्वनिमुद्रणे आणि छायाचित्रे यांची एक प्रत गटाकडे द्यावी. पुढे कोणी तीच सामग्री दुसऱ्या कामासाठी मागितली, तर ती परस्पर न देता मागणाऱ्याला गटाकडेच पाठवावे.